चिलर प्लांटमधलं मास्टर्स

ट्रेनिंग डिपार्टमेंटमध्ये नोकरी केली की दोन गोष्टी आपोआप साठतात. मीटिंगमधली उरलेली बिस्किटं आणि किस्से! बिस्किटं आमचा ड्रायव्हर संपवतो. किस्से मात्र संपता संपत नाहीत. एक सांगायला घ्यावा तर दुसरा मध्येच म्हणतो, "आधी मला सांग."

मी मर्लिन. माहेर वसई, सासर वसई, संसार बहरीनमधल्या गुदैबियात. आमची कंपनी थंड पाणी विकते. पिण्याचं नाही हो! मोठ्या प्लांटमध्ये पाणी गार करायचं, पाइपांतून इमारतीइमारतीत पाठवायचं आणि तिथल्या लोकांनी त्या पाण्याच्या जोरावर चाललेल्या एसीखाली शाल पांघरून बसायचं, असा आमचा धंदा. पाणी गार करणाऱ्या त्या अवाढव्य मशीनला चिलर म्हणतात. मुहर्रकच्या प्लांटमध्ये अशा चिलरांची रांगच आहे आणि त्यांच्या डोक्यावरच आमचं ऑफिस.

तर कंपनीने मास्टर्स अप्रेंटिसशिपची स्कीम काढली. फी कंपनी भरणार. आठवड्यातला एक दिवस युनिव्हर्सिटी, बाकीचे दिवस नेहमीची ड्युटी. प्रोजेक्ट आपल्याच कामावर करायचा, शेवटी तोंडी परीक्षा द्यायची आणि डिग्री घ्यायची. सुरुवातीला सगळे टायवाले लोकच गेले. खाली प्लांटमध्ये इंजिनियरिंगची डिग्री खिशात ठेवून पाना फिरवणारी कितीतरी मुलं आहेत, त्यांना कुणी विचारलंही नाही. मी मीटिंगमध्ये तोंड उघडलं तेव्हा आमचे जीएम साहेब म्हणाले, "ठीक आहे, प्लांटमधून एक माणूस पाठवून बघू. तो पास झाला तर सगळ्यांना दार उघडं. नापास झाला तर खलास!"

तो एक माणूस म्हणजे शकील पारकर. आमचे शकीलभाई. गाव रत्नागिरीकडचं, पोस्ट सीनियर सुपरवायझर, वय पन्नाशीच्या उंबरठ्यावर. डिप्लोमा करून इथे आले आणि शिफ्ट करता करता डिग्री घेतली. सगळ्या प्लांटचं नशीब आपल्या मार्कांवर टांगलेलं आहे हे कळल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "मर्लिन, तुम्ही मला पुढे करताय की बळी देताय?"

*

बातमी गावाला कळली आणि पहिला गोंधळ तिथेच झाला.

आपल्याकडे अप्रेंटिस म्हणजे कोण? नुकता आयटीआयमधून निघालेला, ऑइलचा डबा धरून उभा राहणारा पोरगा! शकीलभाईंनी मोठ्या भावाला फोनवर सांगितलं, "भाईजान, कंपनीने माझी अप्रेंटिस म्हणून निवड केली." पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग भाईजान खालच्या आवाजात म्हणाले, "इतकी वर्सा नोकरी केलीस, आनी आता परत अप्रेंटिस केलानी? काय भानगड केलीस ती मना सांग. अम्मीला नाय सांगत."

शकीलभाईंनी मास्टर्सबद्दल सांगून बघितलं. भाईजान समजुतीने म्हणाले, "हां हां, लोकांना असाच सांगू."

पुढच्याच आठवड्यात गावाहून पार्सल आलं. आंबोशी, कुळथाचं पीठ, सुके बोंबील आणि चिठ्ठी. "दिवस फिरतात. धीर सोडू नको."

*

युनिव्हर्सिटीचा पहिला दिवस. शकीलभाई रात्रीची शिफ्ट संपवून तसेच गेले. अंगात कंपनीचा निळा कव्हरऑल, पायात सेफ्टी शूज. गेटवरचे सिक्युरिटीवाले खानसाहेब त्यांना बघून इतके खूश झाले की विचारू नका! "आओ आओ, सुबह से राह देख रहे हैं!" हात धरून थेट बिल्डिंगच्या मागे नेलं आणि एसीच्या खोलीचं कुलूप उघडून दिलं.

मी नंतर विचारलं, "अहो, सांगायचं नाही का, मी स्टुडंट आहे म्हणून?"

"इतक्या आशेने बघत होता माणूस. नाही कसं म्हणू?"

वर्गात उशिरा पोचले. प्रोफेसर आयर्लंडचे, कडक. त्यांनी घड्याळ दाखवत कारण विचारलं. शकीलभाई उभं राहून म्हणाले, "सॉरी सर, फिल्टर चोंदला होता." प्रोफेसरांना वाटलं गाडीचा. तेवढ्यात छतातून गार वाऱ्याचा झोत आला आणि सकाळपासून वहीने वारा घेत बसलेल्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. पहिल्याच लेक्चरला टाळ्या घेणारा विद्यार्थी मी तरी दुसरा पाहिला नाही!

*

आता लिखाणाचा किस्सा. हा मी पाहुण्यांना हमखास सांगते.

शकीलभाईंनी जन्मात एकाच प्रकारचं इंग्रजी लिहिलेलं. शिफ्टचा रिपोर्ट! आपली शिफ्ट संपली की पुढच्या माणसासाठी लिहून ठेवायचं, काय चालू आहे, काय बंद आहे, कशावर लक्ष ठेवायचं. प्रोफेसरांनी सांगितलं, तुमच्या विषयावर आधी कोणी कोणी काय लिहिलंय ते वाचा आणि त्यावर एक प्रकरण लिहा. शकीलभाईंनी लिहिलं. प्रोफेसरांनी ते मला पाठवून विचारलं, "ही तुमच्याकडची काही खास शैली आहे का?"

मी उघडून बघितलं. इंग्रजीतला मजकूर साधारण असा होता. "पहिल्या प्रकरणाकडून चार्ज घेतला. सर्व नॉर्मल. तीन लेखक चालू स्थितीत. एक लेखक स्टँडबाय. एका लेखकाचा आवाज येत आहे, त्याला निरीक्षणाखाली ठेवले आहे. दुसरे प्रकरण सुस्थितीत तिसऱ्याच्या ताब्यात दिले."

हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पण खाली प्रोफेसरांचा शेरा दिसला, तो डोळे पुसून पुन्हा वाचला. "सगळं पुन्हा लिहा. मात्र त्या आवाज करणाऱ्या लेखकाबद्दल तुमचं मत अगदी बरोबर आहे."

आणि शकीलभाईंनी सगळं पुन्हा लिहिलं हो! जेवणाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये गाडीत बसायचे, एका मांडीवर डबा, दुसरीवर लॅपटॉप. घरी त्यांची लेक झोया तपासायची. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र अर्धं इंग्रजीत. "पापा, रीडरला 'काइंडली डू द नीडफुल' नाही लिहायचं!" बाप विचारायचा, "मग तो नीडफुल करणार कसा?" असं करत करत चार-पाच वेळा प्रकरण परत आलं, तितक्या वेळा या माणसाने पहिल्या ओळीपासून लिहिलं. मला एखादं ईमेल दुसऱ्यांदा लिहायला लावलं तर मी दिवसभर धुमसते. मी खरंच थक्क झाले.

*

नंतर संदर्भांचं प्रकरण निघालं. प्रोफेसर म्हणाले, "प्रत्येक विधानाला आधार द्या. ही माहिती कुठून आली?" शकीलभाईंनी प्रामाणिकपणे कंसात लिहिलं, "मॅथ्यू, सेकंड शिफ्ट."

प्रोफेसरांनी लाल रेघ मारली. "हा आधार तपासता आला पाहिजे."

पुढच्या लेक्चरला शकीलभाई मॅथ्यूलाच घेऊन हजर! मॅथ्यू केरळचा, इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून बसवून आलेला. शकीलभाई म्हणाले, "सर, आधार आणलाय. तपासा."

वर्ग हसला, पण प्रोफेसर हसले नाहीत. त्यांनी मॅथ्यूसाठी खुर्ची ओढली आणि त्या दिवशीचं लेक्चर मुलाखत कशी घ्यावी यावर झालं. नंतर मॅथ्यूने प्लांटमध्ये महिनाभर कुणाला बोलू दिलं नाही. कुणी काही सांगायला लागलं की म्हणायचा, "तू कोण? तुझं नाव युनिव्हर्सिटीत आहे काय?"

*

स्कीमचा नियम असा की प्रत्येक विद्यार्थ्याला कंपनीतला एक मेंटॉर हवा आणि तो त्याच्यापेक्षा वरच्या ग्रेडचा हवा. शकीलभाईंच्या वरच्या ग्रेडवर कोण? मरियम! मरियम बहरीनी, मुहर्रकचीच. कॉलेजमधून निघून ट्रेनी म्हणून आली तेव्हा शकीलभाईंनीच तिला प्लांट दाखवला होता, शिडी चढायला लावली होती आणि रडवलंही होतं. आता ती इंजिनियरिंग हेड. अजूनही त्यांना 'उस्ताद' म्हणते.

पहिली मेंटॉर मीटिंग. मरियम म्हणाली, "उस्ताद, पहले आप बैठो." हे म्हणाले, "नहीं मॅडम, पहले आप." मी चहा सांगायला बाहेर गेले, चहा घेऊन परत आले, तरी दोघं उभेच! शेवटी मीच ओरडले, "यल्ला, चला, दोघं एकदम बसा!" तेव्हा बसले.

मला वाटलं, ही पोरगी त्यांना सांभाळून घेईल. कसलं काय! एका ड्राफ्टवर तिने आडवा एकच शब्द लिहून तो परत केला. "मफी." म्हणजे यात काहीच नाही. पानंच्या पानं लिहिली होती त्यांनी! मला तिचा असा राग आला की मी तिच्याशी भांडायलाच निघाले. शकीलभाईंनी मला अडवलं. चेहरा तर असा फुललेला, जणू मेडल मिळालं आहे.

"मर्लिन, मीच शिकवलंय तिला. मशीन चुकीचं चालत असेल तर थेट बंद करायचं. कुणाचं आहे ते बघायचं नाही."

मी परत जाऊन जागेवर बसले.

*

आता प्रोजेक्टच्या विषयाकडे येते.

आमच्या प्लांटची वर्षानुवर्षांची एक पद्धत होती. काहीही बिघडलं की, "शकीलला फोन कर." मॅन्युअल कपाटात, कपाटाची चावी हरवलेली, पण शकीलचा नंबर सगळ्यांना पाठ! ईदच्या नमाजाहून बाहेर पडले की फोन. दाढ काढायला बसले की फोन. पुतण्याच्या निकाहसाठी सुट्टी काढून चिपळूणला गेले, तिथेही फोन. हे साक्षीदार म्हणून नवरदेवाशेजारी बसलेले. काझीसाहेबांनी नवऱ्याला विचारलं, आणि तो 'कबूल' म्हणणार तेवढ्यात साक्षीदार ओरडले, "थांब! घाई करू नको! आधी प्रेशर बघ!" नवरा जो गप्प झाला, तो परत बोलायलाच तयार होईना.

शकीलभाईंना या फोनांचा अभिमान होता. का नसावा? माझा फोन दिवसभर वाजत नाही, मला विचारा!

एकदा प्रोफेसरांनी वर्गाला प्रश्न दिला. "तुमच्या कामाच्या जागेतला सर्वांत मोठा दोष कोणता?" कुणी बजेट लिहिलं, कुणी जुनी मशिनरी. शकीलभाई आठवडाभर विचार करत राहिले. मग कागदावर दोन शब्द लिहून दिले. "शकील पारकर."

ते ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तो आत्ता सांगतानाही येतोय.

प्रोजेक्ट हाच ठरला. आपल्याशिवाय प्लांट चालवून दाखवायचा! शिफ्ट बदलताना जाणाऱ्या आणि येणाऱ्या, दोन्ही माणसांनी मशीनपाशी उभं राहायचं. येणाऱ्याने सांगायचं, आज काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर मी काय करीन. जाणाऱ्याने फक्त ऐकायचं आणि चुकलं तरच बोलायचं. कोण कुठल्या शिफ्टला हे ठरवण्याचं कामही शकीलभाईंनी मरियमकडे दिलं. आणि सगळ्यांत कठीण नियम, शकीलला फोन करायचा नाही. केला तरी शकीलने उचलायचा नाही.

जुने लोक भडकले. "मोठा झाला आता. फोन घेत नाही." मॅथ्यूसुद्धा काही दिवस त्यांच्याशी बोलत नव्हता. आणि शकीलभाईंची अवस्था? फोन वाजला की दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे! त्यांच्या बायकोने, जमिलाभाभीने, मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, "माज्या फोनला कधी असा तडफडला नाय ह्यो मानूस!"

हळूहळू फोन यायचे कमी झाले. मग थांबले. एका शुक्रवारी मी त्यांच्याकडे बिर्याणी खायला गेले होते, तर शकीलभाई सारखा फोन उचलून बघत होते. चालू आहे ना, चार्ज आहे ना. मी चिडवलं, "काय, करमत नाही?" ते हसले नाहीत. "मर्लिन, याची सवय व्हायला वेळ लागेल," एवढंच म्हणाले. एवढ्या वर्षांचा मान स्वतःच्या हाताने सोडणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं.

*

आणि आता तोंडी परीक्षा.

ती ऑगस्टमध्ये होती, आमच्याच मीटिंग रूममध्ये, कारण कामावरच्या प्रोजेक्टची परीक्षा कामाच्या जागी घ्यायची असं युनिव्हर्सिटीचं म्हणणं. टेबलाच्या पलीकडे प्रोफेसर, बाहेरून आलेल्या परीक्षक बाई आणि आमचे जीएम. अलीकडे शकीलभाई, टाय लावून. टाय झोयाने बांधला होता हे लगेच कळत होतं, फारच सुंदर बांधला होता. भिंतीशी मरियम. दाराशी मी, पाणी आणि चहा बघायला.

परीक्षक बाई बोलायला गोड आणि प्रश्नाला जहाल. तासभर त्यांनी शकीलभाईंना सोलून काढलं. हे आकडे कसे आले? लोक तुम्हाला घाबरून फोन करत नाहीत, असं तर नाही ना? तुम्ही जवळपास आहात हे त्यांना माहीत असतं, मग तुमच्याशिवाय चालतं असं कसं म्हणता? या शेवटच्या प्रश्नाला शकीलभाई अडखळले. उत्तर दिलं, पण बाईंना ते पटलं नाही. जीएम साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. खाली प्लांटमधली सगळी मुलं माझ्या डोळ्यांसमोर आली.

बाई पुढचं पान उलटत होत्या आणि दिवे एकदा विझून परत लागले.

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. आमच्याकडे त्याचा अर्थ असा की बाहेरून येणाऱ्या विजेला झटका बसला आणि खालचे सगळे चिलर एका दमात बंद पडले. ते ठराविक क्रमाने, धीराने चालू करावे लागतात. घाई केली की पुन्हा सगळे बंद. आणि आमच्या लाइनवर एक हॉस्पिटल आहे.

खालून अलार्म ऐकू यायला लागला. मीटिंग रूमच्या एसीच्या जाळीला आम्ही लाल रिबन बांधलेली आहे, वारा येतोय की नाही हे कळायला. ती फडफडायची थांबून सरळ खाली लोंबायला लागली.

जीएम साहेब उभे राहिले. "शकील! गो!"

शकीलभाईंनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. "नाही, सर."

"नाही म्हणजे?"

"मी खाली गेलो तर मी नापास, सर."

जीएम साहेबांनी मरियमकडे बघितलं. ती जागची हलली नाही. मग सगळ्यांनी टेबलावरच्या शकीलभाईंच्या फोनकडे बघितलं. तो वाजला नाही. मग सगळे रिबनकडे बघायला लागले.

ऑगस्टमध्ये बहरीनची खोली गरम व्हायला कितीसा वेळ लागतो? परीक्षक बाईंनी जॅकेट काढलं. प्रोफेसरांनी कॉलर सैल केली. मी मनातल्या मनात वसईच्या चर्चमधल्या माउलीची प्रार्थना सुरू केली. शकीलभाईंचेही ओठ हलत होते आणि कपाळावरचा घाम त्या सुंदर टायवर पडत होता, पण खुर्ची काही त्यांनी सोडली नाही. अलार्म वाजत राहिला. जीएम साहेब दाराकडे गेले, परत आले, बसले.

अलार्म थांबला.

चिलर चालू झाल्यामुळे थांबला की कुणीतरी नुसताच बंद केला, हे वरून कसं कळणार? आम्ही सगळे माना वर करून बसलो होतो. रिबनचं टोक जरासं थरथरलं. थांबलं. पुन्हा थरथरलं. मग ती अख्खी रिबन उचलली गेली आणि फडफडायला लागली.

मरियमने भिंतीला डोकं टेकलं. शकीलभाईंनी ग्लासातलं पाणी एका घोटात संपवलं आणि बाईंना म्हणाले, "नेक्स्ट क्वेश्चन, प्लीज."

बाईंनी फाइल मिटली. "मला आता काही विचारायचं नाही," त्या म्हणाल्या आणि जीएम साहेबांकडे वळल्या. "तुम्हाला?"

जीएम साहेब रुमालाने मान पुसत होते. त्यांनी विचारलं, "खाली आत्ता ड्युटीवर कोण आहे?"

शकीलभाईंनी क्षणभर आठवून बघितलं.

"माहीत नाही, सर."

जीएम साहेबांनी रुमाल खिशात ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मर्लिन, खाली जा आणि कोण आहे ते बघून ये. पुढच्या बॅचला त्याला पाठवायचंय."